न्यास आणि उलटी क्रिया

धुळे-सोलापूर महामार्गाने उत्तरेकडे निघाले की आधी बीड लागते आणि कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगाव. भास्कराचार्यांचे गाव विज्जडवीड म्हणजे आजचे कोणते, या जुन्या वादात बीडचे नाव घेतले जाते, चाळीसगावजवळच्या पाटणचे घेतले जाते आणि विजापूरचेही. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे आचार्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचा नातू चंगदेव याच्या मठाचा शके ११२८ चा शिलालेखही पाटणलाच आहे. त्यामुळे माझ्या मते पारडे पाटणकडे झुकते. पण जन्मगावाच्या या ओढाताणीत त्यांच्या एका मोठ्या कामगिरीकडे दुर्लक्ष होते. गणिताचे उत्तर वेगळे आणि गणिताची रचना वेगळी, हे त्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) स्वच्छ दिसते. प्रोग्रॅमिंगमध्ये ज्याला एक्स्प्रेशन ट्री म्हणतात, त्याचा गाभाही हाच आहे. राशी आणि क्रिया झाडासारख्या जोडायच्या, ती जोडणी दाखवता आली पाहिजे आणि तीच चालवून किंमतही काढता आली पाहिजे.

पुरावा तिथल्या विलोमविधीच्या, म्हणजे उलट्या क्रियेच्या, उदाहरणात आहे. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच ३/४ भाग मिळवला, ७ ने भागले, आलेल्या भागाकारातून त्याचाच १/३ भाग वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १० ने भागले; उरले २. मूळ संख्या कोणती? हा प्रश्न श्लोकात आहे, पण श्लोकाखाली गद्यात ‘न्यास’ येतो आणि खरी मौज तिथे आहे. न्यासात क्रियांची नावे ओळीने मांडलेली आहेत: गुणक ३, क्षेप ३/४, भाजक ७ आणि असेच पुढे. वर्ग आणि मूळ यांच्यापुढे अंक नाही, कारण त्यांना दुसरी राशी लागतच नाही. शेवटी दृश्य २. अजून काहीही सोडवलेले नाही, फक्त हिशेबाची रचना डोळ्यांसमोर ठेवली आहे. मग खालून वर यायचे: २ चे २०, त्यातून ८ गेले की १२, वर्ग १४४, ५२ मिळवून १९६, मूळ १४, आणि असे करत २८.

हा नियम भास्कराचार्यांचा नव्हे, आर्यभटाच्या ग्रंथातही तो आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. रचना हाताळण्याची ही रीत एका माणसाची लहर नव्हती, शतकानुशतके शिकवली जाणारी विद्या होती. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ही तर क्रियांची साखळी झाली, झाड कुठे आहे? झाडाला फांद्या हव्यात. त्याचे उत्तर ‘त्याचाच ३/४ भाग’ या शब्दांत आहे. इथे एकच राशी दोन वाटांनी येते, एकदा पूर्ण आणि एकदा अंशाने. म्हणून मिळवलेले ३/४ उलट जाताना ३/४ म्हणून वजा करून चालत नाही. १४७ मधून त्याचे ३/४ काढले तर ८४ कधीच येणार नाहीत. आचार्यांचा नियम असा, की स्वतःचा अंश मिळवला असेल तर उलट्या क्रियेत छेदात अंश मिळवा, वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करा. अंश तोच ठेवा. ३/४ चे ३/७ होतात, १४७ मधून ६३ जातात आणि ८४ उरतात. १/३ चा १/२ होतो, १४ मध्ये ७ मिळून २१ होतात. क्रिया नुसत्या ओळीने उलटवणाऱ्याला हा नियम सुचला नसता. दोन फांद्या एकाच राशीतून फुटल्या आहेत, हे ज्याने ओळखले त्यालाच तो सुचतो.

तरीही आचार्यांना संगणकाचे पूर्वज ठरवणे चूक आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेवरचा लेख प्रसिद्ध केला. त्यात पदावली ही यंत्राने वाचायची, बदलायची, चालवायची वस्तू होते, आणि कंस कितीही खोल जाऊ शकतात. आचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या मांडणीत कंस नाहीत. तिथे ‘या’ म्हणजे अज्ञात, ‘रू’ म्हणजे नुसता अंक, ऋण संख्येवर टिंब, आणि समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. बेरजेलाही चिन्ह नाही. पदे शेजारी ठेवली की ती मिळवायची. त्यामुळे पोटात पोट असलेली राशी आधी गुणून, सोडवून सपाट करावी लागे, मगच ती मांडता येई. कोणती क्रिया कोणाच्या पोटात आहे, हे श्लोकाला माहीत असे आणि शिकवणाऱ्याला. कागदावर ते न्यासापुरतेच उतरले. चंगदेवाने पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दाने दिली. मांडणीत जे बसत नव्हते ते गुरूच्या तोंडून पुढे जावे, याची ती तजवीज होती.