तळटीप : कॅमशाफ्ट

सिलिंडरमध्ये जळणाऱ्या इंधनाच्या दाबाने दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली रेटला जातो आणि जोडदांडा त्याची सरळ गती क्रँकशाफ्टच्या फिरत्या गतीत बदलतो, एवढे बहुधा सांगितले जाते. परंतु हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा योग्य क्षणी उघडणारा, अंगावर उंचवटे असलेला कॅमशाफ्ट अन्यायानेच दुर्लक्षित राहतो. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत त्याची एकच फेरी होते. उंचवटे झिजू नयेत म्हणून ओतीव लोखंड तेवढ्या भागात झटपट थंड करून टणक केले जाते. चादरींच्या सोलापुरात १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी असे दांडे देशोदेशीच्या मोटार उत्पादकांना पुरवते.