उपदेशकाची भाकरी

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी मला हमखास विचारी, "तुमच्या पाळकांना पगार किती रे? आणि देतं कोण?" विचारण्यात कुत्सितपणा नसे. लालबाग-परळच्या चाळीत सत्यनारायणाला येणाऱ्या भटजींची दक्षिणा सगळ्यांना ठाऊक, गणपतीतल्या कीर्तनकाराची बिदागीही ठाऊक. महिन्याच्या पगारावर देवाचं काम करणारा माणूस मात्र त्यांना नवा होता. स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर लिही, असं संपादक मित्र म्हणाले तेव्हा हाच विषय घ्यावासा वाटला. कारण मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींनी हा प्रश्न दोनशे वर्षं एकमेकांनाच विचारलेला आहे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू. जुन्या करारात लेवी वंशाला जमिनीचा वाटा नाही. मंदिराची सेवा हेच त्यांचं वतन, आणि बाकीच्यांनी दिलेला दशमांश हे त्यांचं उत्पन्न. लोकांनी हा वाटा देणं थांबवलं तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले, अशी तक्रार नहेम्याच्या पुस्तकात आहे. शिष्यांना गावोगाव पाठवताना येशूने थैली घेऊ दिली नाही. कामकरी मजुरीला पात्र आहे, तेव्हा घरवाले वाढतील ते खा, असं सांगितलं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तर सगळा युक्तिवादच मांडला आहे. शिपाई पदरच्या खर्चाने लढत नाही, मळा लावणारा फळ खातो, आणि मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, असं नियमशास्त्रच सांगतं. कोकणा-घाटावरून आलेल्या आपल्या आजोबांना या बैलाचं स्पष्टीकरण लागलं नसतं. बलुतेदारांचा वाटाही खळ्यावरच निघत असे.

गंमत पुढे आहे. हक्क इतका ठासून सांगितल्यावर त्याच अध्यायात पौल म्हणतो, मी मात्र तो वापरला नाही. करिंथात तो राहुट्या शिवून पोट भरत होता. तुकोबांनी कीर्तनाच्या ठिकाणी जेवूही नये म्हटलं, त्याची इथे आठवण होते. तरी पौलाने मदत घेतलीच नाही असं नाही. फिलिप्पैकरांनी पाठवलेली त्याने आनंदाने घेतली. म्हणजे लांबच्यांचं घेतलं आणि ज्यांच्यात काम केलं त्यांच्यावर भार टाकला नाही.

मुंबईतलं मिशनकाम याच नमुन्यावर उभं राहिलं. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले. खर्च बोस्टनच्या संस्थेचा. हॉल आणि सॅम्युअल न्यूवेल यांनी मुंबईतून लिहिलेलं एक पुस्तक १८१८ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. जगातल्या साठ कोटी लोकांसाठी माणसं आणि पैसा देणं मंडळ्यांचं कर्तव्य आहे आणि त्यांना ते परवडतंही, असा त्याचा विषय.

पण लांबचा पैसा वर्षानुवर्षं येत राहिला की ऐकणारा विचारतो, हा माणूस देवाचा की मिशनचा? जॉर्ज बोवेन यांना हे बोचलं. १८४८ मध्ये ते मुंबईत आले आणि थोड्याच काळात मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत साध्या खोलीत राहू लागले. शिकवण्या करून पोट भरायचं, 'बॉम्बे गार्डियन' चालवायचा आणि रस्त्यावर उपदेश करायचा. १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. कुलाब्याकडचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. १८७१ मध्ये आलेले मेथडिस्ट विल्यम टेलर हेही पुस्तकं विकून गुजराण करणारे. बोवेन त्यांना जाऊन मिळाले.

बोस्टनच्या संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ मध्ये इथे आले ते वेगळा हिशेब घेऊन. मिशनरी पगार घेतो की सोडतो, यापेक्षा देशी मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. इंग्रजी शिकलेल्या पाळकाचा पगार गरीब मंडळीला झेपणार नाही, म्हणून इंग्रजी शाळांवरचा खर्चही त्यांना नको होता. (जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनने त्यांचं ऐकलं असतं तर गिरगावच्या शिक्षणाचा इतिहास निराळा झाला असता!) त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

आणि मग रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली, आणि १९१७ मध्ये ती सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले. 'देवाचा दरबार' त्यांना परक्या पैशापासून मोकळा हवा होता. दोन वर्षांनी जे. जे. रुग्णालयात ते गेले.

आमच्या मंडळ्यांत बोवेन आणि टिळक यांच्या त्यागावर भरभरून बोललं जातं. मला मात्र नवव्या अध्यायाचं पाचवं वचन आठवतं. इतर प्रेषितांप्रमाणे बायकोला बरोबर नेण्याचाही आपल्याला हक्क आहे, असं पौल तिथे म्हणतो. म्हणजे भाकरी एकट्या उपदेशकाची नाही. पौल एकटा होता आणि बोवेन अविवाहित. टिळकांच्या घरात मात्र लक्ष्मीबाई होत्या. हाती आलेला पैसा टिळक कसा वाटून टाकत आणि घर कसं चाले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. हक्क सोडण्याचा अधिकार पाळकाचा. मंडळीने परस्पर त्याच्याकडून तो सोडवून घ्यावा, असं पौलाने कुठेही लिहिलेलं नाही. तरीही पाळकाच्या पगारवाढीचा विषय निघाला की बोवेनचं नाव काढणारे मी पाहिले आहेत.

आज आमच्याकडे मासिक वर्गणी असते, रविवारी दानार्पणाची थैली फिरते. वर्षातून एकदा हार्वेस्टचा सण येतो, तेव्हा लोकांनी आणलेल्या भाज्या, फळं, अंडी, केक यांचा चर्चच्या आवारात लिलाव होतो. भोपळ्याची बोली चढत जाते. घेणारा पैसे भरतो, भोपळा तिथेच ठेवून म्हणतो, पुन्हा लावा.