घरदुरुस्तीचे कंत्राट आणि अर्धवट राहिलेले काम

गोव्यात घरदुरुस्तीची कामे बहुधा दोन मुदती डोळ्यांसमोर ठेवून काढली जातात : पावसाळ्यापूर्वीची आणि चतुर्थीपूर्वीची. याच दिवसांत मेस्त्री, सुतार आणि रंगारी यांना सर्वांकडून मागणी असते. एकाच वेळी तीन-चार घरांची कामे पत्करलेला कंत्राटदार एका ठिकाणची आगाऊ रक्कम दुसऱ्या ठिकाणच्या सामानात घालतो आणि एखाद्या घराचे छप्पर उघडे असतानाच मजूर येईनासे होतात. अशा वेळी घरमालकाची बाजू किती भक्कम राहील, हे दोन गोष्टींवर ठरते : दिलेले पैसे झालेल्या कामाच्या पुढे गेले होते का, आणि काम थांबले तेव्हाची स्थिती नोंदवली गेली का.

करार करताना

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. मात्र तो सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून कामाची यादी, मापे, सामानाचा दर्जा, पूर्णतेची तारीख आणि हप्ते लिहून उभयतांनी सह्या कराव्यात. ‘छप्पर दुरुस्ती’ एवढाच उल्लेख पुरेसा नाही. किती वासे व रिपा बदलायच्या, लाकूड कोणते, जुनी मंगळुरी कौले पुन्हा वापरायची की नवी आणायची, हे नमूद करावे. मध्येच काढलेल्या वाढीव कामाचा दरही त्याच वेळी लिहून ठेवावा. कंत्राटदाराचा कायमचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी.

पैसे नेहमी कामाच्या मागून जावेत. चार लाखांचे काम असेल, तर आरंभी 50-60 हजार द्यावेत आणि पुढील हप्ते ‘15 तारखेला’ असे न ठरवता ‘गिलावा पूर्ण झाल्यावर’, ‘लाद्या बसवल्यावर’ असे ठरवावेत. दहा टक्के रक्कम अखेरपर्यंत राखावी. छपराच्या कामात ही रक्कम पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर देण्याची अट घालणे हिताचे असते. रोखीऐवजी धनादेश वा बँकेमार्फत पैसे द्यावेत.

काम थांबल्यास

दुसरा मेस्त्री लगेच बोलावण्याचा मोह आवरावा. त्याने काम हाती घेतले की पहिल्याने काय केले व काय सोडले, याचा पुरावाच नाहीसा होतो. आधी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, पडून असलेल्या सामानाची साक्षीदारांसमक्ष यादी करावी आणि स्थापत्य अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप व मूल्यांकन लेखी घ्यावे. कंत्राटदाराची अवजारे किंवा त्याचे सामान परस्पर विकू नये. घरात पाणी शिरत असेल, तर छायाचित्रे घेऊन ताडपत्री घालावी आणि त्या खर्चाचे बिल जपावे; टाळता येण्याजोग्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

त्यानंतर कराराचा, दिलेल्या रकमेचा व उरलेल्या कामाचा तपशील देऊन साधारण 15 दिवसांची मुदत असलेली नोटीस स्पीड पोस्टने पाठवावी. मुदतीत काम सुरू न झाल्यास ते दुसऱ्याकडून करून घेऊन जादा खर्च वसूल केला जाईल, असे तीत स्पष्ट लिहावे.

भरपाईचा हिशेब

दिलेली सर्व रक्कम परत मिळावी, ही मागणी सहसा टिकत नाही. कारण काही काम झालेले असते. चार लाखांच्या करारात तीन लाख दिले आणि उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेण्यास 2 लाख 40 हजार लागले, तर एकूण खर्च 5 लाख 40 हजार होतो. कराराहून जादा लागलेले 1 लाख 40 हजार हे मूळ नुकसान. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 73 याच तत्त्वावर उभे आहे.

दाद कोठे मागावी

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, आणि घरदुरुस्तीचे कामही मोबदला देऊन घेतलेली सेवाच ठरते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, त्यामुळे कंत्राटदार परराज्यातील असला तरी अडत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. मात्र दुरुस्ती हॉटेलसारख्या व्यावसायिक हेतूने केलेली असल्यास बहुधा दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो.

पोलीस तक्रारीचा उपयोग मर्यादित असतो. काम अर्धवट सोडणे हा मुळात करारभंग होय. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरण्यासाठी आरंभापासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावे लागते. म्हणूनच सही केलेला करार, बँकेची नोंद, अभियंत्याचा अहवाल आणि नोटीस पोचल्याचा पुरावा ही चार कागदपत्रे घरमालकाने प्रथमपासून एकत्र ठेवावीत.