सिस्टर कडक असतात, पण कोणाच्या जोरावर?

आमच्या कोसबाडकडचा माणूस मोठ्या आजारासाठी डहाणू रोडहून गाडी पकडून मुंबई गाठतो. परत आला की सांगतो, "सिस्टर फार कडक हो!" वॉर्डात शिस्त ठेवणाऱ्या या बाईच्या मागे कोण उभं असतं, याचा विचार आपण करत नाही. म्हणून केईएमची जुनी गोष्ट पुन्हा सांगते.

अरुणा शानबाग हे नाव आपल्याला इच्छामरणाच्या खटल्यामुळे माहीत आहे. पण सुरुवात झाली ती कर्मचाऱ्याच्या वागण्यावरून. कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत, त्या विभागात त्या परिचारिका होत्या. तिथला एक सफाई कामगार कुत्र्यांचं खाणं चोरतो, असा त्यांचा आक्षेप होता. वर तक्रार करीन, असं त्यांनी त्याला बजावलं होतं, असं सांगितलं जातं. त्याने पुढे चोरी नाकारली, पण वाद झाल्याचं तोही म्हणाला.

२७ नोव्हेंबर १९७३ ला त्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि अरुणाताई पुन्हा उठल्याच नाहीत. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. शिक्षा झाली सात वर्षं.

मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. १९८० च्या दशकात महापालिका त्यांना केईएममधून हलवायला निघाली, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत जवळपास ४२ वर्षं त्यांनीच सेवा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं.

मला मात्र कौतुकाच्या आधीचा दिवस महत्त्वाचा वाटतो. चुकणाऱ्याला टोकणं हे सिस्टरचं कामच आहे. पण तोंडी समज, मग लेखी नोंद, मग वरिष्ठांकडून चौकशी, ही वाट नीट नसली की तक्रार दवाखान्याची राहत नाही, त्या एका बाईची होते. आणि राग तिच्यावरच निघतो. आज तर कितीतरी ठिकाणी सफाई आणि सुरक्षा कंत्राटदाराकडे. सिस्टरने सांगायचं, पण माणूस तिच्या हाताखालचा नाही!

डहाणू-तलासरीच्या सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. पुढच्या बैठकीत औषधांबरोबर एवढंही विचारा: सिस्टरने कर्मचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली, तर ती कोण घेतं आणि किती दिवसांत उत्तर देतं?