सेवा आणि खुर्ची

आपल्या उपनगरांत सेवाभावी मंडळांना तोटा नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनावर उतरा. रोटरीची नाही तर लायन्सची पाटी दिसते, आणि मित्रमंडळे तर गल्लोगल्ली. पावसाळ्यात वह्या वाटल्या जातात, दिवाळीत फराळाची पुडकी. काम चांगलेच आहे. फक्त एक गोष्ट सहसा घडत नाही. फराळ घेणारा रांगेत उभा असतो, आणि देणारा खुर्चीवर असतो. समजा, रांगेतला माणूस उद्या म्हणाला, “मंडळाचा कारभार आता मी पाहतो,” तर?

हा प्रश्न आजचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तो परळच्या गिरणगावात उभा राहिला होता. त्याची हकीगत सांगण्याजोगी आहे.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. अध्यक्ष नारायणराव चंदावरकर, चिटणीस स्वतः शिंदे. शिंद्यांच्या कळकळीविषयी शंका घेणे हे पापच ठरेल. त्यांनी घरची माणसे, बहीणसुद्धा, या कामाला जुंपली. तरीही ज्यांच्यासाठी शाळा निघाली, ते लोक शिकू लागले तसे विचारू लागले, “कारभार आमच्या हाती केव्हा येणार?” शिकलेला माणूस असे विचारणारच. नाही तर शिकवले कशाला? १९२३ साली शिंदे त्या कारभारातून बाजूला झाले.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडेही हेच नाटक चालू होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली न्यूयॉर्कला एक संस्था निघाली. तिच्या पहिल्या अधिकाऱ्यांत कृष्णवर्णीय एकच, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, बाकी सारे गोरे. जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या हाती संस्थेची चिटणिशी यायला १९२० साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९१३ ते १९१६, भीमराव आंबेडकर नावाचा मुंबईचा एक तरुण त्याच न्यूयॉर्कमध्ये शिकत होता. पुढे १९४६ साली त्याने डु बॉइसना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला असल्याचे कळवले. दोन्हीकडचे दुखणे एकाच जातीचे होते, हे त्याने ओळखले होते.

आता परळला परत येऊ. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये बॅरिस्टर आंबेडकरांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे आणि बाळासाहेब खेर यांसारखी मोठी नावे. म्हणजे थोरामोठ्यांना दार बंद केलेले नव्हते. परंतु जे व्यवस्थापक मंडळ प्रत्यक्ष गाडा हाकणार, त्याचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर. चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, जातीने चांभार, पेशाने मास्तर; खजिनदार एन. टी. जाधव. पाठबळ सर्वांचे, लगाम मात्र आपल्या हाती! आम्हा मास्तर मंडळींना त्या चिटणीसपदाचा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

सभेची कामे लहानच होती. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला हायस्कुलातील मुलांसाठी वसतिगृह निघाले. जेवण, कपडे, वह्यापुस्तके यांचा भार सभेवर. नगरपालिकेची मदत महिना ४० रुपये. मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. मुंबईत मोफत वाचनालय झाले, आणि हॉकीचा क्लबसुद्धा! हॉकी कशाला, असे कुणी विचारील. पण ज्याला आजवर पाणीदेखील वरून वाढले गेले, त्याच्या हाती काठी, चेंडू आणि संघाचे कप्तानपद आले, ही काय लहान गोष्ट झाली?

खरी कसोटी लागली १९३२ साली. पुणे करारानंतर ३० सप्टेंबरला मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संघ निघाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. नोव्हेंबरात विलायतेला जाताना बोटीवरून आंबेडकरांनी ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिले. कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्याच्या मनात त्या लोकांविषयी माया असेल तोच खपेल, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींचे मत निराळे पडले. हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा मार्ग आहे, ऋणकोने आपले ऋण स्वतःच फेडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका. आंबेडकर त्या संघातून बाहेर पडले.

गांधीजींच्या म्हणण्यात नैतिक बळ होते, हे नाकारता येत नाही. पाप ज्याचे त्याने धुवावे, हे खरेच. पण व्यवहारात पाहावे, तर ऋण किती, हप्ता केवढा आणि फेड केव्हा, हे सारे ऋणकोनेच ठरवायचे असेल, तर धनकोच्या वाट्याला केवळ वाट पाहणे उरते. आणि वाट पाहणारा माणूस कितीही शिकला, तरी रांगेतच राहतो.

आंबेडकरांनी वाट पाहिली नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. तेथे सर्व जातींची मुले शिकली. ज्यांना शाळेत बाहेर बसवले होते, त्यांतल्याच एकाने इतरांसाठी दार उघडले, आणि कुणाची जात विचारली नाही.

म्हणून वाटते, सेवेच्या संस्थेचे मोजमाप वाटलेल्या वह्यांवरून करू नये. काल रांगेत उभी असलेली किती माणसे आज कार्यकारिणीत बसतात, हे मोजावे. यंदा फराळ जरूर वाटावा. आणि पुढच्या साली कुठे, कुणाला, किती वाटायचा हे ठरवण्याच्या बैठकीला त्या रांगेतल्या चार जणांना आमंत्रण द्यावे. त्यांतला एखादा उद्या अध्यक्ष झाला, तर दिवाळी खरोखर घरोघरी पोहोचली असे समजावे.