तळटीप ७ : दक्षिणेश्वरचे ‘वेड’

७. लेखकाने रामकृष्णांच्या साधनाकाळाला येथे सरळ ‘वेड’ म्हटले आहे. त्या वेळी दक्षिणेश्वरातही अनेकांचा समज तोच होता. झोप उडालेली, अंगाचा असह्य दाह, पूजाविधीचे भान सुटलेले. संसाराला लागले की डोके ठिकाणावर येईल, या आशेने घरच्यांनी १८५९ मध्ये लग्न लावून दिले. कलकत्त्याचे नामांकित वैद्य गंगाप्रसाद सेन यांच्या औषधाने गुण आला नाही. १८६१ मध्ये आलेल्या भैरवी ब्राह्मणीने मात्र शास्त्राधार दाखवून हा ‘महाभाव’, म्हणजे ईश्वरप्रेमाची परमोच्च अवस्था, असल्याचे सांगितले आणि दाहावर चंदनाची उटी व सुगंधी फुलांच्या माळा सुचवल्या. त्याने दाह शमला, असे चरित्रकार लिहितात. हे चरित्रकार भक्त होते, हे ध्यानात ठेवावे.

तरीही मला लक्षणांपेक्षा पुढचे आयुष्य महत्त्वाचे वाटते. आपल्याला वेड तर लागले नाही ना, ही शंका स्वतः रामकृष्णांनाच छळत होती. भावावस्था ओसरली की ते माणसांत येत, थट्टामस्करी करत, समोरच्याला नेमके ओळखत. तीव्र मनोविकारात बहुधा ही शंकाच उरत नाही, आणि नाती, कामधंदा, स्वतःची काळजी सारेच ढासळत जाते. अर्थात आध्यात्मिक अनुभव आणि मनोविकार या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. म्हणून या प्रसंगाचा दाखला देऊन कोणा रुग्णाचे औषध बंद करणे घातक ठरेल. दुसरीकडे, असा प्रत्येक अनुभव आजारच मानायचा असेही नाही : अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद आजारांपासून वेगळी ठेवली आहे.

— संपादक