दोनशे डॉलरांचा मुद्रांक

कराची रक्कम कायद्यातच आकड्यात लिहून ठेवावी की वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीत सांगावी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या परीक्षेत हमखास येतो आणि सरकारी सेवेत रुजू झाल्यावर तितक्याच हमखासपणे विसरला जातो. माझ्या वाचनात आलेले त्याचे सर्वांत बोलके उदाहरण एका अगदी अनपेक्षित जागी सापडले. अमेरिकेत शेतीस उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी मुद्दाम घडवून घेतलेल्या रायफलीवर कोणता सप्रेसर बसवावा, या शिकाऱ्याच्या विवंचनेत १९३४ सालचा एक करकायदा नव्वद वर्षे ठाण मांडून बसला होता. मला स्वतःला बंदुकीचे आकर्षण नाही. पण कायदा वस्तूला कसा आकार देतो, हे इतके स्वच्छ दिसण्याचा योग क्वचित येतो.

प्रथम या शिकारीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग नावाचा खारीच्या कुळातला बिळे करणारा प्राणी असतो, पूर्वेकडे वुडचक असतो आणि कायोटी हा लांडग्याचा धाकटा भाऊबंद बहुतेक सर्वत्र आढळतो. चराऊ कुरणांचे व पिकांचे नुकसान करतात म्हणून पशुपालक व शेतकरी शिकाऱ्यांना आपल्या जमिनीवर येऊ देतात. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ६२ खाली केंद्र सरकारला असा प्राणी ठराविक प्रदेशासाठी व मुदतीसाठी उपद्रवी म्हणून घोषित करावा लागतो, २०१५ साली बिहारमधील काही जिल्ह्यांपुरते नीलगाय व रानडुकराबाबत तसे झाले होते.) लक्ष्य वीतभर उंचीचे आणि अंतर दोनशे-तीनशे यार्डांचे, त्यामुळे रायफल नळीला जाड व जड लागते, आणि काडतूस बारीक गोळी प्रचंड वेगाने फेकणारे लागते. '.२२-२५० रेमिंग्टन' हे त्यातले प्रसिद्ध नाव. त्याची हलकी गोळी सेकंदाला साडेतीन हजार फुटांहून अधिक वेगाने निघते.

अशा रायफलीचा आवाज नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलांच्या वर जातो, आणि १४० डेसिबलांपलीकडचा एकच धमाका कानास कायमची इजा करू शकतो. सप्रेसर त्यातून पंचवीस-तीस डेसिबल काढून घेतो. चित्रपटात दिसणारी ती कुजबुज येथे कधीच होत नाही, कारण गोळी ध्वनीपेक्षा तिप्पट वेगाने जात असल्याने तिचा स्वतःचा कडाका तसाच उरतो. जे कमी होते ते नळीतून बाहेर फुटणाऱ्या वायूचे. त्याबरोबर धक्काही कमी होतो आणि नेमबाजाला आपली गोळी कोठे लागली, हे दुर्बिणीतून स्वतःच पाहता येते.

जाणकार कारागिराला विचारले तर तो निवडीचे निकष असे सांगेल. छिद्र गोळीच्या मापाजवळचे असावे; .३० मापाचा सप्रेसर .२२ च्या नळीवर चालतो, पण आवाज थोडा अधिक होतो. नळीवरचे आटे नळीच्या छिद्राशी काटेकोरपणे समकेंद्री कापलेले हवेत, नाहीतर गोळी आतल्या पडद्यांना घासते. झटपट काढघालीची जोडणी सैनिकाला उपयोगी. एकाच रायफलीवर कायम राहणाऱ्या सप्रेसरला थेट आट्यांवर बसणे अधिक बरे, वजनही त्याने वाचते. धातूबाबत मात्र सांभाळून राहावे लागते. टायटॅनियम हलके खरे, पण प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसून लागोपाठ शेकडो फैरी झाडल्या तर ते तापते आणि तापल्यावर त्याचे बळ घटते, तेव्हा पोलाद किंवा निकेलचे मिश्रधातू टिकाऊ. शिवाय तापलेल्या सप्रेसरवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींमुळे दुर्बिणीत लक्ष्य थरथरू लागते, म्हणून त्यावर कापडी आच्छादन चढवतात.

या सर्व निकषांतून निघणारे शहाणपणाचे उत्तर म्हणजे त्या एका रायफलीसाठी .२२ मापाचा, साधा, थेट आट्यांचा, बेताच्या किमतीचा सप्रेसर. अमेरिकन शिकारी मात्र वर्षानुवर्षे .३० मापाचा, महाग, जोडणी बदलून अनेक रायफलींवर बसणारा सप्रेसर घेत आला. याचे कारण कारखान्यात मिळत नाही, त्यासाठी कायद्याच्या पुस्तकाकडे जावे लागते.

सप्रेसरचा जनक हायरम पर्सी मॅक्सिम. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे यंत्रबंदुकीचे जनक. तोफा-बंदुकांच्या सान्निध्यात त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ नष्ट झाली होती. बापाने जगाला तो आवाज दिला आणि मुलाने तो कमी करण्याचा उद्योग काढला, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण नाक मुरडले असते. १९०९ साली पर्सी मॅक्सिमला पेटंट मिळाले. गोळीला सरळ वाट द्यायची आणि मागून येणाऱ्या वायूला आत गरगर फिरवून सावकाश सोडायचे, ही त्याची युक्ती. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील त्याच्या कंपनीचा माल दहा डॉलरांच्या आत टपालाने घरपोच मिळे. शेजाऱ्यांची झोप न मोडता नेमबाजीचा सराव करण्याचे साधन, अशीच त्याची ओळख होती.

पुढे दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी देश हादरला आणि २६ जून १९३४ रोजी 'नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट' मंजूर झाला. महान्यायवादी होमर कमिंग्ज यांच्या मूळ मसुद्यात पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती. विरोध झाल्यावर ती गळली. यंत्रबंदुका, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर मात्र राहिले. समितीपुढील सुनावणीत पिस्तुलांवर भरपूर वाद झाला, सायलेन्सरवर जवळजवळ काहीच नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी येत नाही ते कलम आहे तसे मंजूर होते, हा कोणत्याही देशाच्या सचिवालयातील अनुभव.

बंदी घालण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याची संघराज्याच्या सरकारला खात्री नव्हती, म्हणून त्याने कराचा मार्ग धरला. प्रत्येक हस्तांतरणावर दोनशे डॉलर, आणि पुराव्यादाखल अर्जावर चिकटवायचा खराखुरा मुद्रांक. टोळीवाल्यांची आवडती थॉम्पसन यंत्रबंदूक जवळजवळ तितक्याच किमतीला मिळे. तिच्यावर हा कर म्हणजे किमतीची दामदुप्पट. दहा डॉलरांच्या सायलेन्सरवर तो वीसपटीहून अधिक झाला. १९३७ साली सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील विक्रेत्यांवरचा कर वैध ठरवला. एखादा व्यवसाय करामुळे जड जातो, एवढ्याने कर हा कर राहत नाही असे नाही, असा त्याचा आशय. मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचे उत्पादन त्याआधीच, १९३० च्या सुमारास थांबवले होते. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, विंचेस्टर कंपनीने सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाचे '.२२० स्विफ्ट' काडतूस बाजारात आणले, आणि उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीचा वैभवकाळ असा सायलेन्सरविनाच सुरू झाला. त्या पिढीचे कान त्यात गेले.

पण आकडा कायद्यात गोठलेला होता आणि चलन गोठलेले नव्हते. १९३४ चे दोनशे डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांहून अधिक. कर मात्र दोनशेच राहिला. बंदी म्हणून घातलेला कर महागाईने हळूहळू केवळ एक त्रासदायक शुल्क होऊन गेला. संसदेने बोटही न हलवता धोरण उलटे झाले. नोंदलेले सायलेन्सर २०११ साली तीन लाखांच्या आत होते, ते २०२१ साली सव्वीस लाखांवर गेले.

आता निवडीकडे परत येऊ. आर्मेन अल्चियन व विल्यम अॅलन यांनी १९६४ साली एक साधा नियम मांडला: चांगल्या व साधारण अशा दोन्ही प्रतींच्या मालावर सारखाच ठोक खर्च चढवला, की चांगला माल तुलनेने स्वस्त होतो. त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण सफरचंदांचे; कोकणातल्या वाचकाने पेटीच्या भाड्याचा आणि निवडक हापूसचा विचार करावा. समजा, साधा सप्रेसर तीनशे डॉलरांचा आणि उंची नऊशेचा. प्रमाण एकास तीन. दोघांवर दोनशे चढवले की पाचशे व अकराशे, म्हणजे एकास सव्वादोन. त्यात बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मंजुरीसाठी कधीकधी वर्षभराची प्रतीक्षा मिळवा. मग ग्राहक म्हणणारच, की घ्यायचा तर एकच आणि सगळ्यांना चालेल असा.

१९८६ च्या दुरुस्तीने आणखी एक पीळ घातला. सायलेन्सरमध्येच वापरण्यासाठी बनवलेला प्रत्येक सुटा भागही कायद्याने 'सायलेन्सर' ठरला. झिजलेला पडदा मालकाने बाजारातून आणून बदलणे अशक्य झाले, म्हणून कारखाने सगळे पक्के वितळजोड करून जन्मभर टिकेल असे जड पोलादी काम करू लागले. नॉर्वेत सप्रेसरला वेगळा परवाना लागत नाही. तेथे शिकारी तो बुटांसारखा पाहतो: स्वस्तातला घ्यावा, झिजला की दुसरा. आपल्याकडे शस्त्रनियमांत अशी उपांगे निर्बंधित प्रकारात मोडतात, त्यामुळे तुलनेला वावच नाही; मात्र सिगारेटच्या मिलिमीटरमधील लांबीवर कर बसवला, तेव्हा कारखान्यांनी सिगारेटच त्या मापात कापून घेतली, हे आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी पाहिलेले आहे.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सायलेन्सरवरील हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. यंत्रबंदुकांवर दोनशे डॉलर कायम ठेवले. नोंदणी, ठसे व छायाचित्र यांना हात लावला नाही. ज्या दिवशी सही झाली त्याच दिवशी टेक्सासमध्ये दावा दाखल झाला. १९३७ साली हा कायदा करवसुलीच्या अधिकारावर टिकला. आता करच शून्य असेल तर नोंदणी कोणत्या अधिकारावर उभी आहे, असा वादींचा सवाल आहे. अर्जात कराच्या रकमेचा रकाना आहे, आणि त्यात शून्य लिहून अर्जदार बोटांचे ठसे जोडतो.